इटास्का : हिवाळी मुक्कामाची तजवीज

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उत्तर सरहद्दीवरील मिनेसोटा राज्यात नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्च उलटेपर्यंत भूमी बहुधा बर्फाखाली असते, सरोवरे गोठून त्यांच्या पाठीवरून मोटारी जाऊ लागतात, आणि जानेवारीतील रात्री तापमान शून्याखाली २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरणे ही उत्तरेकडील परगण्यांत नित्याची बाब समजली जाते; असे असूनही तेथील कुटुंबे मुलाबाळांसह याच दिवसांत राज्य-उद्यानांतील अरण्यात रात्रीच्या मुक्कामाला जातात आणि तिकडे विश्रांती घेऊन परततात, ही गोष्ट सह्याद्रीच्या आश्रयाने वाढलेल्या माणसाला प्रथम ऐकताना खरी वाटत नाही. माझी भाची विवाहानंतर मिनीॲपोलिस शहरी स्थायिक झालेली आहे. तिच्याकडे हिवाळ्यात राहण्याचा योग आला तेव्हा तिने व तिच्या यजमानांनी इटास्का राज्य-उद्यानात एका रात्रीचा मुक्काम करण्याचा बेत मांडला. आणि त्या बेताच्या सिद्धतेत आरंभापासून सहभागी झाल्यामुळे, अरण्यातील ऊब ही शेगडीपेक्षाही पूर्वविचाराने अधिक मिळते, हे मला तेथे उमगले. त्या पूर्वविचाराची हकीकत सविस्तर सांगावी, म्हणजे तिकडे राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांस ती उपयोगी पडेल, एवढा या लेखाचा हेतू आहे.

यलोस्टोनसारखी राष्ट्रीय उद्याने मध्यवर्ती सरकारच्या ताब्यात असतात, तर राज्य-उद्याने ही त्या त्या राज्याची मिळकत असून मिनेसोटात त्यांचा कारभार राज्याचे नैसर्गिक संपत्ती खाते पाहते. या सर्व उद्यानांत इटास्का हे सर्वांत जुने. त्याचे क्षेत्र ३२,००० एकरांहून अधिक असून त्यात लहानमोठी शंभरावर सरोवरे आहेत, आणि त्यांपैकी ज्या सरोवराचे नाव उद्यानास मिळाले त्याच्या उत्तर टोकातून मिसिसिपी ही महानदी बाहेर पडते. १८३२ साली ओझाविंडिब या तेथील ओजिब्वे जमातीच्या नायकाने हेन्री स्कूलक्राफ्ट या गोऱ्या संशोधकास वाट दाखवीत या सरोवरापर्यंत आणले आणि मग नदीचा हा उगम गोऱ्या लोकांच्या नकाशांत नोंदला गेला. ओजिब्वे लोकांना तो अर्थातच आधीपासून ठाऊक होता. पुढे त्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूडतोडीचा व्यवसाय उत्तरेकडे सरकत आला, आणि शेकडो वर्षांचे पाइन वृक्ष करवतीखाली जाऊ लागले, तेव्हा जेकब ब्राउअर या संशोधकाने सरोवराच्या परिसराची मोजणी करून तो राखून ठेवावा म्हणून खटपट आरंभिली. राज्याच्या विधिमंडळात तो ठराव अवघ्या एका मताच्या आधिक्याने मंजूर झाला आणि २० एप्रिल १८९१ रोजी उद्यान अस्तित्वात आले.

कायदा झाला तरी आतील पुष्कळशी जमीन खाजगी मालकीचीच होती, त्यामुळे तोड लगेच थांबली नाही. १९०३ साली उद्यानाचे प्रमुख असलेले गृहस्थ निवर्तले व त्यांची २४ वर्षांची कन्या मेरी गिब्ज हिची त्यांच्या जागी नेमणूक झाली. ओंडके वाहून नेण्यासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे सरोवराचे पाणी चढून काठावरची झाडे बुडत आहेत असे पाहून ती दरवाजे उघडण्याचा आग्रह धरून स्वतः बंधाऱ्यावर गेली, आणि बंदुकीचा धाक दाखवण्यात आला तरी मागे सरली नाही. आज उगमाजवळच्या यात्रीकेंद्रास तिचे नाव आहे. आपण ज्या वनात एका रात्रीचा निवारा मागावयास जातो, ते वन कोणाच्या दूरदृष्टीने शिल्लक राहिले हे आधी ठाऊक असावे, म्हणून हा पूर्वेतिहास मी येथे सांगितला.

आता प्रत्यक्ष सिद्धतेकडे वळू. पहिला विचार कालाचा. डिसेंबरच्या उत्तरार्धात त्या अक्षांशावर दिवस जेमतेम साडेआठ तासांचा असतो आणि साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. फेब्रुवारीच्या मध्यास मात्र दिवस दहा तासांहून मोठा होतो, बर्फाचा थर पुरता बसलेला असतो, आणि थंडीचा कडाका थोडा तरी सैल पडू लागतो. थोडा तरी, असे म्हणण्याचे कारण हे की, राज्यातील आजवरचा नीचांक, उणे ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सेल्सिअसच्या मापाने उणे ५१, हा टॉवर नावाच्या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजीच नोंदला गेला आहे. तेव्हा महिना कोणताही असो, निघण्यापूर्वी वेधशाळेचा अंदाज पाहणे चुकवू नये. आम्ही तारीख ठरविताना पंचांगही उघडले. हिवाळ्यातील पौर्णिमेचा चंद्र तिकडे आकाशात बराच उंच चढतो, आणि पर्णहीन शाखांतून उतरलेले त्याचे चांदणे खालच्या बर्फावरून परावर्तित झाले म्हणजे रात्री दिव्यावाचून पायवाट दिसते. म्हणून आम्ही माघी पौर्णिमेच्या लगतचा दिवस निवडला. ज्यांना तारे पाहावयाचे असतील, अथवा उत्तरेकडच्या क्षितिजावर ध्रुवप्रकाशाची आशा धरावयाची असेल, त्यांनी अमावास्येचा पक्ष धरणे योग्य.

दुसरा विचार निवाऱ्याचा. मिनेसोटाच्या अनेक राज्य-उद्यानांत लाकडी एकखणी कुट्या बांधलेल्या आहेत. आत दुमजली बिछाने, गाद्या, एक मेज व बाके, बाहेर जाळी लावलेली लहानशी ओसरी आणि अंगणात विस्तवाचे लोखंडी कडे, इतकाच त्यांचा सरंजाम असतो. त्यांपैकी पुष्कळ कुट्यांत वीज व उष्णतेची सोय असल्याने त्या वर्षभर मिळतात. परंतु पाण्याचा नळ किंवा स्नानगृह आत नसते, पांघरुणे आपली आपण न्यावी लागतात, आणि धूम्रपान, मेणबत्ती वा कोणतीही उघडी ज्योत आत चालत नाही. हा नियम अत्यंत रास्त आहे. बंद लाकडी खोलीत शेगडी पेटविल्यास आगीचे भय तर असतेच, पण त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू झोपलेल्या माणसाचा न कळत घात करू शकतो. तरुण मंडळींना व मुलांना ही कुटी फार भावेल. माझ्या वयाचा विचार करून आमच्या घरच्यांनी मात्र इटास्का येथील वर्षभर उघड्या राहणाऱ्या निवासखोल्यांपैकी एक पसंत केली. तेथे लहान स्वयंपाकघर व स्नानगृह खोलीला जोडूनच असते. उद्यानातील १९०५ सालचा प्रसिद्ध डग्लस लॉज हिवाळ्यात बंद असतो आणि त्याबरोबर तेथील भोजनगृहही, हे ध्यानात ठेवून निवासाच्या निवडीबरोबरच अन्नाचाही विचार करावा लागतो.

मुक्कामाच्या तारखेपूर्वी १२० दिवसांपासून नोंदणी खुली होते, आणि शनिवार-रविवारच्या जागा पाहता पाहता संपतात. ज्यांना रजा मिळणे शक्य आहे त्यांनी आठवड्याच्या मधला वार धरावा, म्हणजे जागाही मिळते आणि वनात निवांतपणाही लाभतो. नोंदणी करतेवेळी पांघरुणे, टॉवेल व भांडी यांपैकी काय पुरविले जाते याचा खुलासा विचारून घ्यावा. मोटार आत नेण्यासाठी एका दिवसाचा किंवा वर्षाचा निराळा परवाना लागतो, आणि तो पैसा उद्यानांच्याच देखभालीस जातो. आखलेल्या मार्गांवर स्की घालून जावयाचे असल्यास १६ वर्षे व त्यावरील प्रत्येकास स्कीचा स्वतंत्र परवाना काढावा लागतो. बुटांखाली बांधून बर्फावर चालावयाच्या रुंद स्नोशूंना असा परवाना लागत नाही, आणि अनेक उद्यानांत ते भाड्यानेही मिळतात. मात्र स्कीसाठी यंत्राने आखलेल्या सऱ्या त्यांनी मोडतात, म्हणून त्या वाटांवर स्नोशू घालून चालू नये.

जळाऊ लाकडाविषयीचा कायदा पाहुण्याने विशेषकरून समजून घेतला पाहिजे. घरामागची लाकडे मोटारीत घालून नेणे तेथे बेकायदा आहे. उद्यानात विकत मिळणारी किंवा खात्याने मान्य केलेल्या विक्रेत्याकडचीच लाकडे चालतात, आणि वनात पडलेल्या फांद्या वेचण्यासही मनाई आहे. याचे कारण एक हिरवा, चकचकीत, बोटाच्या पेराहूनही लहान भुंगा. आशियातून आलेला हा भुंगा २००२ साली मिशिगन राज्यात व २००९ साली मिनेसोटात आढळला. त्याच्या अळ्या ॲश वृक्षाच्या सालीखाली नागमोडी बोगदे पाडून त्याचा रसप्रवाह तोडतात, आणि लाकडाच्या एका मोळीतून त्या शेकडो मैल प्रवास करू शकतात. पडलेल्या फांद्या न वेचण्याच्या नियमामागेही असाच विचार आहे, कारण वनात कुजणारे लाकूड ही वनाचीच पुढील पिढ्यांसाठीची पुंजी होय.

वस्त्रांच्या बाबतीत भाचीने माझी पेटी स्वतः तपासली. "मामा, हे सुती गंजीफ्रॉक घरीच राहू द्यात," ती म्हणाली, "सूत एकदा घामानं भिजलं की वाळत नाही, आणि अंगाला गारठा धरून ठेवतं." अंगालगत लोकरीचा अथवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर ऊब धरून ठेवणारा जाड थर, आणि सर्वांवर वारा अडविणारे आवरण, असे तीन थर असावे, आणि चालताना अंग तापू लागताच घाम फुटण्यापूर्वीच एक थर उतरवावा, हे त्यातील मर्म आहे. पाचही बोटे निराळी ठेवणाऱ्या हातमोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र ठेवणारे अधिक ऊबदार, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात. बूट किंचित सैल असावेत. आवळ बुटात रक्त नीट खेळत नाही आणि जाड मोजेही व्यर्थ जातात. झोपतेवेळी घालावयाच्या कोरड्या मोज्यांचा एक जोड निराळा बांधून ठेवावा व तो दिवसा कोणत्याही कारणाने बाहेर काढू नये. वाऱ्याला कमी लेखू नये: शून्य अंश फॅरनहाइट तापमानात ताशी १५ मैलांचा वारा सुटला असता उघडी त्वचा अर्ध्या तासात गोठू शकते, म्हणून नाक, कान व गाल झाकण्याची सोय जवळ हवीच.

शिध्यात थालीपिठाची भाजणी, मेतकूट, साजूक तूप आणि तिळगुळाचे लाडू आमच्याबरोबर होते. संक्रांतीच्या सुमारास आपल्याकडे तीळ, गूळ व तूप यांना जो मान आहे तो येथे पूर्णपणे सार्थ ठरतो, कारण शरीर रात्रभर ऊब निर्माण करीत राहते आणि त्यासाठी स्निग्ध आहार फार उपयोगी पडतो. तांदूळ मात्र आम्ही तिकडचा घेतला. ओजिब्वे लोक उथळ सरोवरांतून होडीत बसून, काठ्यांनी ओंब्या हलक्या हाताने झोडपून जो काळसर, लांब दाण्याचा रानतांदूळ गोळा करतात, त्याचा स्वाद भाजलेल्या धान्याचा असतो, आणि १९७७ साली मिनेसोटाने त्यास राज्यधान्याचा मान दिला. तो शिजावयास पाऊण तास ते एक तास लागतो. म्हणून प्रथम तो अर्धामुर्धा शिजवून मग त्यात मुगाची डाळ घालावी, म्हणजे दोन्ही एकाच वेळी तयार होऊन उत्तम खिचडी होते. पिण्याचे पाणी विसरू नये, कारण त्या कोरड्या थंडीत तहान जाणवत नाही, पण शरीरातील पाणी श्वासावाटे सतत कमी होत असते.

मिनीॲपोलिसपासून इटास्का सुमारे २२० मैल आहे. दहा क्रमांकाच्या महामार्गाने सेंट क्लाउड व लिटल फॉल्सवरून वडीनापर्यंत, आणि तेथून एकाहत्तर क्रमांकाने उत्तरेस पार्क रॅपिड्समार्गे जावे; पुढे पार्क रॅपिड्सपासून उद्यान सुमारे २० मैल राहते, आणि वाणसामान किंवा इंधन घेण्याचे ते अखेरचे सोयीचे ठिकाण होय. सडकेच्या स्थितीची खबर ५११ या दूरध्वनी क्रमांकावर मिळते. मोटारीत फावडे, वाळूची पिशवी, बॅटरीच्या तारा, टॉर्च, घोंगड्या व खाण्याचे जिन्नस ठेवलेले असावेत, इंधनाची टाकी अर्ध्याखाली उतरू देऊ नये, आणि कागदी नकाशा जवळ असावा, कारण वनप्रदेशात दूरध्वनीचा संदेश सर्वत्र पोहोचत नाही. हिमवादळात मोटार अडकलीच तर ती सोडून चालत निघू नये. आतच थांबून, धूर सोडणाऱ्या नळीभोवतीचा बर्फ वेळोवेळी दूर करीत, थोडा थोडा वेळ इंजिन चालवावे, हा तिकडील जाणत्यांचा सांगावा आहे.

आम्ही दिवस पुष्कळ शिल्लक असतानाच पोहोचलो आणि ही सारी पूर्वतयारी किती मोलाची होती याचा प्रत्यय तेथेच आला, कारण खोलीत सामान लावल्यावर करण्यासारखे असे कोणतेही काम उरले नव्हते. दारात बूट झाडून, त्यांतील अस्तरे काढून उष्णतेजवळ वाळत ठेवली, खिचडी चुलीवर चढविली, आणि जेवणानंतर पुरते थर चढवून सर्वजण चांदण्यात बाहेर पडलो. सरोवराच्या बाजूने मधूनच दूरवर तोफ डागल्यासारखा खोल नाद येई. तापमान उतरू लागले की बर्फाच्या पत्र्यात ताण पडून तो तडकतो, त्याचा तो ध्वनी. हा आवाज बर्फ पातळ असल्याचे लक्षण नसले तरी बर्फावर पाय ठेवण्यापूर्वी त्याची जाडी पाहिलीच पाहिजे. एका माणसास चालण्यासाठी नव्या, स्वच्छ बर्फाची निदान ४ इंच जाडी हवी असे खात्याचे सांगणे आहे, आणि पांढरट, हिममिश्रित बर्फ निम्म्याच बळाचा असल्याने तेथे दुप्पट धरावी. जेथे ओढा सरोवरास मिळतो किंवा त्यातून बाहेर पडतो, तेथे बर्फाचा भरवसा कधीच धरू नये.

सकाळी उगमाकडे गेलो. मेरी गिब्ज केंद्रापासून उगमाची पायवाट सुमारे ८०० फुटांची आहे. समुद्रसपाटीपासून १,४७५ फूट उंचीवर, काही पावलांत ओलांडता येईल इतक्या रुंदीने निघालेले हे पाणी, तेथील लाकडी स्तंभावर कोरल्याप्रमाणे, २,५५२ मैलांचा प्रवास करून मेक्सिकोच्या आखातास मिळते, आणि त्या प्रवासास सुमारे तीन महिने लागतात असे सांगतात. सरोवर गोठलेले असतानाही दगडांच्या रांगेतून वाहते पाणी दिसत होते. ही दगडांची रांग आणि सभोवारची कोरडी भूमी निसर्गाने दिलेली नाही. पूर्वी येथे दलदल होती. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देण्यासाठी निघालेल्या नागरी संधारण दलाने ती भरून प्रवाहास आजचे रूप दिले. महाबळेश्वरी कृष्णेच्या उगमाचे रक्षण देवालयाने केले. मिसिसिपीच्या उगमाचे रक्षण विधिमंडळातील एका मताने आणि काही निष्ठावान माणसांच्या श्रमांनी केले आहे.

तेथून प्रीचर्स ग्रोव्ह या वृक्षराजीत गेलो. तेथील तांबूस सालीचे रेड पाइन वृक्ष अडीचशे वर्षांहून अधिक वयाचे आहेत. या वृक्षाची जाड साल वणव्यापासून त्याचे रक्षण करते, आणि वणव्याने मोकळ्या झालेल्या भूमीवरच त्याचे बीज चांगले रुजते. वणवे सर्वस्वी विझविण्याचे धोरण दीर्घकाळ चालल्यामुळे नवी पिढी विरळ उगवली, आणि उगवलेली रोपटी हिवाळ्यात भुकेली हरणे खाऊन टाकतात. म्हणून मिनेसोटाच्या वनांत दर शरदऋतूत पाइनच्या कोवळ्या रोपांच्या शेंड्यांवर कागदाच्या टोप्या बसवितात, म्हणजे हरणांना वरचा अंकुर खाता येत नाही. आमच्या माथ्यावरच्या फांद्यांतून चिकडी नावाचे, वजनाने दहा-बारा ग्रॅमचे, काळ्या टोपीचे पक्षी हिंडत होते. हा पक्षी दक्षिणेस जात नाही. शरदात तो सालीच्या फटींतून एकेक दाणा लपवून ठेवतो, त्या जागा ध्यानात ठेवतो, आणि कडाक्याच्या रात्री देहाचे तापमान कित्येक अंशांनी उतरवून शिल्लक ऊब पुरवून वापरतो.

त्या प्रदेशात हिवाळा काढणाऱ्या प्रत्येक जिवाची रीत हीच आहे, आणि पाहुण्यानेही तीच स्वीकारावी असे मला मनापासून वाटते. ज्यांना तिकडे प्रथमच जावयाचे आहे त्यांनी लांबलचक बेत आखू नये. फेब्रुवारीच्या उत्तरार्धातील आठवड्याच्या मधली एकच रात्र घ्यावी, ऑक्टोबर संपण्यापूर्वी नोंदणी उरकावी, वस्त्रे व शिधा यांची यादी आठवडाभर आधी पुरी करावी, वेधशाळेने वादळाचा इशारा दिल्यास मुक्काम खुशाल पुढे ढकलावा, आणि बरोबर वृद्ध असल्यास कुटीऐवजी खोली निवडावी. इतके केल्यावर अरण्यातील हिवाळ्याची रात्र वृद्धांनाही सुखाची जाते, हे मी अनुभवाने सांगतो. मात्र परवान्याचे डॉलर भरताना, लाकडे तेथेच विकत घेताना आणि आखलेली वाट न सोडता चालताना आपण केवळ नियम पाळीत आहोत असे कोणी समजू नये. १८९१ साली ज्यांनी अजून न जन्मलेल्या पिढ्यांसाठी हे वन मागून घेतले, त्यांचेच कार्य आपण आपल्या अल्प वाट्याने पुढे चालवीत असतो, आणि तेथील निवारा इतक्या माफक दरात सर्वांना खुला राहावयाचा असेल तर प्रत्येक पाहुण्याने तो वाटा उचललाच पाहिजे.